मागच्या दाराची रांग

मागच्या बुधवारी रांगेत मॅडमचे बूट होते. पांढरे, कॅनव्हासचे, शाळेत पीटीच्या तासाला घालतात तसे. डाव्या बुटाची नाडी मध्येच तुटलेली आणि गाठ मारून जोडलेली. त्यांच्या पुढे कुणाची तरी रबरी स्लीपर, मागे जांभळ्या सँडल. आमच्या नवीन वॉचमनला काही कळलं नव्हतं. बाकीच्या चपलांबरोबर त्याने ते बूटही पायानेच सरळ करून ठेवले होते.

मी खिडकीतून कडुलिंबाकडे बघितलं. मॅडम बाकावर मांडी घालून बसल्या होत्या आणि पिशवीतून एकेक फुटाणा काढून खात होत्या. आरोग्य केंद्राच्या मुख्य डॉक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्या इथे पहिल्यांदाच आल्या होत्या. सरळ आत येऊन खुर्चीत बसल्या असत्या तरी कुणी काही म्हटलं नसतं. ती खुर्ची अजून त्यांचीच आहे असं आम्हाला वाटतं. पण बूट रांगेत होते, म्हणजे त्या पेशंट म्हणून आल्या होत्या. कशासाठी, ते त्यांना आणि मलाच माहीत होतं.

आमचं आरोग्य केंद्र शहराच्या उत्तरेला, हर्सूलकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. समोर डांबरी रस्ता, मागे मोकळं मैदान, मैदानात दोन कडुलिंब आणि त्यापलीकडे वस्ती. एमबीबीएस झाल्यावर सरकारी बाँडची सक्तीची नोकरी करायला मी इथे आले तेव्हा कोरोना नुकताच सुरू झाला होता. गारखेड्याहून रोज स्कूटीवर यायचे. घरी परत गेले की आई माझं ताट जिन्यात ठेवायची आणि लांबून विचारायची, मीठ बरोबर आहे ना. मी मान हलवायचे. मला एरवीही फार बोलायला आवडत नाही, त्यामुळे त्या दिवसांतल्या पुष्कळ गोष्टी इतरांना जड गेल्या तशा मला गेल्या नाहीत. मास्क तर मला आवडायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझा चेहरा बघून 'काय झालं, गप्प का' असं विचारत नव्हतं.

पहिल्या दिवशी मॅडमनी माझं नाव विचारायच्या आधी माझं मनगट धरलं.

"घाबरू लागली व्हय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तुझी नाडी तर लई घाबरू लागली." मग शाळा कोणती ते विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे कॉन्व्हेंट," त्या म्हणाल्या आणि पुढे माझं नाव तेच राहिलं. "ए कॉन्व्हेंट, सुई आण." "कॉन्व्हेंट, यांना समजावून सांग, पण मराठीत."

नाडी त्या सगळ्यांचीच बघायच्या. दूधवाल्याची, गॅस आणणाऱ्याची, तपासणीला आलेल्या साहेबांची. साहेबांनी एकदा सही करायला हात पुढे केला तर मॅडमनी त्यांचं मनगट पकडलं आणि घड्याळाकडे बघत बसल्या. साहेब पेन धरून तसेच उभे. शेवटी मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, करा सही."

पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, साडीवर ॲप्रन आणि पायात ते बूट. माहेर बिडकीनच्या पलीकडचं. गावाकडून कुणी आलं की दारातूनच मोठ्याने जयभीम घालायच्या आणि पुढचं बोलणं इतकं भरभर की मला निम्मं कळायचं नाही. ॲप्रनच्या उजव्या खिशात स्टेथोस्कोप, डाव्या खिशात फुटाणे. मोबाईल मात्र त्या स्टीलच्या रिकाम्या डब्यात ठेवायच्या. फोन आला की डबा टेबलावर थरथरत खडखडायचा आणि ओळीतली लहान मुलं रडायला लागायची. "नुसता वाजला तर मला ऐकू येत नाय," असं त्या म्हणायच्या. खरं म्हणजे त्यांना सगळं ऐकू यायचं. डब्याचं झाकण लावलं की फोन गप्प व्हायचा, आणि वरच्या ऑफिसचा फोन असला की त्या झाकण लावायच्या.

रागावल्या की त्या समोरच्याला 'आपण' म्हणायच्या. वॉचमन रफिकमामा मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "डॉक्टर बेटी, मॅडम तू बोली तो समझो सब ठीक. आप बोली तो छुट्टी डालके घर कू जाओ."

त्या उन्हाळ्यात वरून फोन आला की केंद्र आता फक्त कोरोनाच्या तपासणीसाठी चालवायचं, बाकीची ओपीडी बंद. मॅडमनी तीन वेळा 'हो' म्हटलं, झाकण लावलं आणि रफिकमामांना मागच्या स्टोअररूमचं दार उघडायला सांगितलं. ते दार कित्येक वर्षं उघडलं नव्हतं. त्याच्यामागे मोडक्या खुर्च्या, पल्स पोलिओचे फाटके बॅनर आणि एक पाळणा होता. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली.

"कोरोना पुढच्या दारानं," मॅडम म्हणाल्या, "आणि बाकीचं जग मागच्या दारानं."

मी हळूच म्हटलं, "पण मॅडम, तुम्ही फोनवर हो म्हणालात."

"हो म्हणायला काय जातं? आता तू सांग. ज्याला शुगर होती त्याची गेली का? बायका बाळंत व्हायच्या थांबल्या का? गोवर काय म्हणतो, की आधी कोरोनाला जाऊ दे?"

तसं 'बाकीचं जग' हे त्या खोलीचं नावच पडलं. पुढच्या दाराशी आम्ही अंगभर पांढरे सूट घालून घशातले नमुने घ्यायचो; मागच्या दाराशी रक्तदाब, साखर, क्षयाच्या गोळ्या, बाळांच्या सुया, गरोदर बायका. मी अर्धा दिवस इकडे, अर्धा तिकडे. मधल्या बाथरूममध्ये सूट काढून आंघोळ करायची आणि मगच मागे जायचं, यात मॅडम कुणाला सवलत द्यायच्या नाहीत.

चपलांचं नंतर सुरू झालं. मागच्या मैदानात रफिकमामांनी चुन्याने गोल आखले होते, अंतर ठेवून उभं राहायला. पण ऊन असं होतं की गोलात कुणी उभं राहायचं नाही; सगळे सावलीच्या एका तुकड्यात एकमेकांना चिकटून उभे. एका आजोबांनी आपल्या चपला गोलात ठेवल्या आणि ते जाऊन कडुलिंबाखाली बसले. रफिकमामा त्यांना उठवायला निघाले तर मॅडमनी थांबवलं.

"बरोबर करू लागलेत ते. माणसांना सावलीत बसू द्या लांब लांब. चपला राहतील उभ्या उन्हात, त्यांना काय होतंय."

गोलांपासून झाडापर्यंत पाय भाजू नयेत म्हणून त्यांनी गोणपाटं अंथरली आणि रफिकमामा त्यांच्यावर दर थोड्या वेळाने पाणी मारायचे. पांढऱ्या गोलांत रांगेने चपला, आणि माणसं लांब झाडाखाली गप्पा मारत. आता हाक कुणी मारायची?

"कॉन्व्हेंट," मॅडम म्हणाल्या.

माझा आवाज मुळात लहान. त्यावर मास्क. पहिल्या हाकेला मी म्हटलं, "निळी स्लीपर, कृपया पुढे या."

झाडाखालून एक माणूस ओरडला, "स्लीपर एकटी यायची नाय मॅडम, मी संगं आलो तर चालंल का?"

सगळे हसले. मी इतकी लाजले की दिवसभर बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम. मॅडम आतून सांगायच्या, "ऐकू आलं नाय, पुन्हा." मग मी चपलांचं वर्णन करायला शिकले, कारण निळ्या स्लीपर पुष्कळ असायच्या. अंगठा तुटलेली. टाचेला खिळा मारलेली. एका पायात काळी, एका पायात तपकिरी. वस्तीतल्या बायका मुद्दाम चपलांना रंगीत दोरे बांधून यायला लागल्या आणि मग माझी गंमत बघत बसायच्या.

मॅडमना मात्र वेगळाच नाद लागला. सकाळी दार उघडायच्या आधी त्या रांगेवरून फिरायच्या आणि नुसत्या चपला बघून पेशंट ओळखायच्या. हे बहुतेक वेळा चुकायचं. एकदा एका कोल्हापुरी जोडासमोर थांबून म्हणाल्या, "रिटायर्ड हेडमास्तर. शुगर वीस वर्षांची. बायकोचं ऐकत नाय." हाक मारली तर बँडमध्ये ताशा वाजवणारा पोरगा आला, सासऱ्याच्या चपला घालून, कान दुखतो म्हणून. मॅडम जराही वरमल्या नाहीत. "चप्पल बरोबर होती," म्हणाल्या, "माणूस चुकीचा आला."

म्हणून त्या दिवशी त्यांनी ती चप्पल उचलली तेव्हा मी मनातल्या मनात हसलेच होते.

दुसरी लाट होती. पुढच्या दाराला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आमच्या आशा सेविका, लताताई, सकाळपासून संध्याकाळपर्यंत वस्तीत ताप मोजत फिरायच्या. एरवी त्या गरोदर बायकांच्या घरी जात, ते कित्येक आठवड्यांत जमलं नव्हतं. दुपारी पुढे ॲम्ब्युलन्स आली. एका पेशंटला न्यायचं होतं आणि रस्त्यावर जागा नाही म्हणून ड्रायव्हरने ती मागच्या मैदानात आणली. पांढरे सूट घातलेली दोन माणसं उतरून चपलांच्या रांगेपाशी उभी राहिली. झाडाखाली कुणीतरी म्हटलं, इथं बसलेल्या सगळ्यांना तपासणार, ज्याचा आला त्याला उचलणार. पुढचं मी खिडकीतून बघितलं. बाकीचं जग उठून पळालं. बहुतेकांनी जाता जाता आपापल्या चपला ओढल्या.

ॲम्ब्युलन्स गेली. मैदान रिकामं. दारालगतच्या गोलात एक जोडी तेवढी राहिली होती, सूटवाली माणसं उभी होती तिथेच.

मी दोनदा हाक मारली. "लाल पट्ट्याची, वर प्लास्टिकचं फूल." कुणी नाही. रफिकमामा म्हणाले, "मॅडम, फेंक दू क्या? दवा मारके फेंक देता."

मॅडम बाहेर आल्या, खाली वाकल्या आणि एक चप्पल उचलून उन्हात धरली. लहान मापाची, स्वस्तातली, नवीच. पट्टा शेवटच्या भोकात अडकवलेला होता, आणि तेही पुरलं नाही म्हणून पुढे तापल्या खिळ्याने आणखी एक भोक पाडलेलं.

"चप्पल जुनी झाली की सैल पडती," मॅडम म्हणाल्या. "नवीला भोक काहून पाडलं?"

मी म्हटलं, "माप चुकलं असेल."

"दुकानात बरोबर बसली असंल. नंतर पाय वाढले." त्यांनी फुलावरून बोट फिरवलं. "पोरगीच हाय अजून. कुणी गरोदर असंल. पाय सुजलेत, आणि ही चप्पल आधी कधी रांगेत दिसली नाय, म्हणजे आज पहिल्यांदा मागच्या दारापर्यंत आली होती. कॉन्व्हेंट, गरोदरपणात पाय असे सुजले तर काय?"

मला हसू आलं होतं ते गेलं. "बीपी," मी म्हटलं. "झटके येऊ शकतात."

"आणि मग?"

आई आणि बाळ, दोघांपैकी कुणीच वाचत नाही कधी कधी, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

मॅडम चुकत असण्याची शक्यता होती. हेडमास्तर आठवत होते. पण त्यांनी बीपीचं मशीन माझ्या हातात दिलं, चपला स्वतःच्या हातात घेतल्या आणि त्या निघाल्या. पिशवीत घालू म्हटलं तर नको म्हणाल्या, दिसल्या पाहिजेत. गडबडीत मी पुढच्या दाराहून तशीच मागे आले होते, अंगावर अजून सूट होता. "ते काढ आधी," त्या म्हणाल्या. "त्यालाच भिऊन पळालीय ती." लताताईंना वाटेत फोन केला, त्या वस्तीच्या तोंडाशी येऊन भेटल्या.

त्या दुपारी आम्ही दारोदार फिरलो. मॅडम चप्पल वर धरायच्या आणि विचारायच्या, "कुणाची गं?" दारं अर्धी उघडायची.

"आमची नाय."

"आम्ही दवाखान्यात आलोच नाय आज."

"आमच्यात कुणाला खोकला बी नाय, मॅडम."

एका ओट्यावरून एक म्हातारा म्हणाला, "सरकार आता चपला वाटू लागलं का? मला दहा नंबर बघा."

लताताईंनी हळू आवाजात सांगितलं, "कुणी घेणार नाय, मॅडम. चप्पल माझी म्हटलं म्हणजे मी तिथं होते म्हटलं. गल्लीला पत्रे ठोकतील, पाणी भरू देणार नायत, अशी भीती आहे. माझ्याच घरी परवा नळावर भांडण झालं."

मला ते कळलं. मी स्वतः आमच्या सोसायटीत ॲप्रन डिकीत ठेवून वर जायचे.

मॅडम गल्लीच्या मधोमध थांबल्या. मग त्याच म्हाताऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसल्या, चपला शेजारी ठेवल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "आज घरोघर बीपी तपासायचा हुकूम आलाय. बायकांचा. लहानथोर सगळ्या. ज्यांचा राहील त्यांची नावं मला वर द्यावी लागतील."

असा कुठलाही हुकूम आला नव्हता. लताताई जमिनीकडे बघत राहिल्या.

समोरच्या दारातून एक म्हातारी म्हणाली, "आधी तुमचा बघा की. लोकांचेच बघत फिरता."

"व्हय, खरं हाय तुमचं, माय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी दंड माझ्यापुढे धरला.

मी पट्टा बांधला, हवा भरली, ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"सांग की. सगळ्यांना सांग."

"जास्त आहे," मी म्हटलं.

"ऐकू आलं नाय."

"जास्त आहे," मी मोठ्याने म्हटलं. "खूप जास्त आहे."

"ऐकलं का?" मॅडम गल्लीला म्हणाल्या. "माझा लई जास्त आहे. चालत आले का नाय मी? आहे म्हणून कळला तर गोळी घेता येती. चला, या एकेक."

म्हातारी हसली आणि ओट्यावर येऊन बसली. मग दुसरी आली, तिसरी आली. जणू गल्लीत बांगडीवाला आला होता. एकमेकींचे आकडे विचारू लागल्या, 'तुझा माझ्यापेक्षा कमी कसा' म्हणू लागल्या. मी पट्टा बांधत होते आणि प्रत्येकीचे पाय बघत होते.

शेवटी एक बाई आपल्या सुनेला मागे ठेवून पुढे आली. स्वतःचा दाखवला, उठली. सून तशीच उभी, साडी पायांवर ओढलेली. पोट दिसत होतं. चेहरा सुजलेला.

"हिला कशाला," सासू म्हणाली. "हिला काय नाय झालेलं." आणि मग कुणी विचारलं नसताना, "ती चप्पल हिची नाय."

मॅडमनी चपलेकडे बघितलंसुद्धा नाही. "नसू दे," त्या म्हणाल्या. "कुणाची का असंना. बस बाई, बीपी दाखव."

ती बसली तेव्हा तिचे तळवे दिसले. डांबरावरून अनवाणी आली होती. फोड आले होते. मी बीपी दोनदा बघितला. आकडा मी मॅडमच्या कानात सांगितला.

"डोकं दुखतं का गं?"

तिने मान हलवली.

"डोळ्यापुढं चमकतं?"

"उन्हानं होतं," सासू म्हणाली.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "आपण जरा बाजूला व्हा," त्या सासूला म्हणाल्या, आणि त्या गल्लीत मी एकटीच होते जिला त्या 'आपण'ची भीती वाटली. "आपल्या सुनेला आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. आत्ता म्हणजे आत्ता. आपल्याला सून पाहिजे ना?"

लताताई केंद्रातून झटके थांबवायचं इंजेक्शन आणि तपासणीचं किट घेऊन आल्या. रिपोर्टशिवाय मोठ्या दवाखान्यात गेटवर अडवत होते, म्हणून कोरोनाची तपासणी तिथेच करावी लागणार होती, त्या ओट्यावर, सगळ्यांसमोर. सासू रडायला लागली. "हिचा आला तर गल्ली बंद करतील. लोक आम्हाला उभं करायचे नायत."

मघाशी आकडे विचारणाऱ्या बायका दाराच्या आत सरकल्या.

"आला तर मीच येऊन बसंन इथं," मॅडम म्हणाल्या. "पत्र्याच्या आत. माझं जेवण तुमच्याकडं. मला तिखट लागतं, आताच सांगून ठेवते."

नमुना मी घेतला. रिपोर्टची रेघ उमटेपर्यंत ती मुलगी माझा हात धरून बसली होती. तिला काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी फक्त सांगत राहिले, आता थोडाच वेळ, आता थोडाच वेळ. एकच रेघ आली. कोरोना नव्हता.

ॲम्ब्युलन्स मिळणार नव्हती. मॅडमनी स्वतःची गाडी आणली. गाडी त्या फार वाईट चालवायच्या, सबंध रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये आणि हॉर्नवर हात. मागच्या सीटवर ती मुलगी डाव्या कुशीवर, डोकं माझ्या मांडीवर. पुढे सासू, हात जोडून, देवासाठी की मॅडमच्या ड्रायव्हिंगसाठी ते कळत नव्हतं. गेटवर मॅडम खाली उतरल्या आणि मला फक्त 'आपण' एवढंच ऐकू आलं, पुन्हा पुन्हा. गेट उघडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खडखडला. मॅडमनी फोन कानाला लावला, बराच वेळ नुसतं ऐकलं, मग ठेवला आणि फुटाणे काढले.

"मुलगी," त्या म्हणाल्या. "अंगानं बारीक आहे, काचेत ठेवलीय. आई शुद्धीवर आहे. पोरगी ओरडते म्हणे लई." मग माझ्याकडे बघून, "तुझ्यापेक्षा जास्त."

चपला रफिकमामांनी ओट्यावरून परत आणल्या होत्या. मॅडमनी त्या मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवल्या आणि कुणाला हलवू दिल्या नाहीत.

तेव्हापासून मी रोज सकाळी त्यांच्या टेबलावर, फुटाण्यांच्या शेजारी, बीपीची गोळी ठेवायला लागले. बोलायचे नाही. त्या गोळी बघायच्या आणि म्हणायच्या, "हे सगळं मिटू दे गं आधी." संध्याकाळी गोळी तिथेच असायची. कोरोना संपेपर्यंत कुणाचंच काही थांबू नये म्हणून ज्यांनी दार उघडलं, त्यांचं स्वतःचं मात्र कोरोना संपेपर्यंत थांबलं होतं. मला हे दिसत होतं, पण त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती.

लाट ओसरली. पाऊस येऊन गेला, मैदानात गवत उगवलं, रफिकमामांनी गोल पुन्हा आखले. एका बुधवारी बाळांच्या लसीच्या दिवशी झाडाखाली बरीच गर्दी होती. एक मुलगी, कडेवर बाळ, रांगेकडे न जाता सरळ खिडकीपाशी आली. मागून सासू. मी लगेच ओळखलं नाही. चेहऱ्यावरची सूज गेल्यावर ती अगदीच वेगळी दिसत होती, शाळेतल्या मुलीसारखी.

"माझी चप्पल राहिली होती इथं," ती म्हणाली.

तिने ते हळू म्हटलं नाही. झाडाखालच्या बायकांनी माना वळवल्या. मी सासूकडे बघितलं. सासू क्षणभर दुसरीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "घाल. बसती का बघ आता."

बसत नव्हती, फार सैल झाली होती. मुलीने बाळ सासूकडे दिलं, खाली बसून पट्टा खिळ्याच्या भोकातून काढला आणि पार पहिल्या भोकात अडकवला. मग ती चालत गेली आणि त्या चपला काढून रांगेत, मोकळ्या गोलात ठेवल्या.

मॅडम खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि बाळाचं मनगट दोन बोटांत धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भाषण करू दिलं नाही, हार घातला तो रफिकमामांच्या गळ्यात टाकला. सगळे गेल्यावर त्या डबा पिशवीत भरत होत्या. माझा बाँड कधीच संपला होता, मी इथेच राहिले होते, आणि इतक्या काळात त्यांच्याशी आपणहून काही बोलले असेन असं मला आठवत नाही. तेव्हा बोलले.

"मॅडम," मी म्हटलं, "तुम्हीही बाकीच्या जगातच येता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बघू," म्हणाल्या, आणि गेल्या.

त्यानंतर मागच्या बुधवारी ते बूट.

पुढची स्लीपर झाली. मी दारात गेले. माझा आवाज आता रस्त्यापर्यंत जातो असं लताताई म्हणतात.

"पांढरे कॅनव्हासचे बूट," मी हाक मारली. "डाव्या नाडीला गाठ."

कुणी उठलं नाही. मॅडम पिशवीत काहीतरी शोधत होत्या. मी पुन्हा हाक मारली. त्यांनी शेजारच्या बाईला विचारलं, "कुणाचे गं?" बाईने खांदे उडवले. मग त्यांनी वर बघितलं आणि बसल्या जागेवरून मला म्हणाल्या, "माझे नाहीत."

"नसू द्या," मी म्हटलं. "कुणाचे का असेनात. बीपी दाखवा."

मॅडम उठल्या. ओल्या गोणपाटांवरून अनवाणी, सावकाश चालत आल्या, आणि दारातच ब्लाउजची बाही वर करत म्हणाल्या, "ओरडतेस किती."